पाणपाहुण्याचा चष्मा

घुमोबाने मंजुळाच्या बाबांना बुडताना वाचवलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच बाबांना सोडून काठावरच्या बाभळीच्या खुंटाला नमस्कार केला. टेंभेवाडीतले लोक पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट सांगून हसत. मंजुळाला मात्र हसू आलं नाही. तिला कोडं पडलं.

झालं होतं ते असं. टेंभेवाडी हे उजनीच्या जलाशयाच्या काठावरचं लहानसं गाव. मंजुळाचे बाबा, दशरथ नगरे, तिथले मासेमार. त्या काळी होड्या सूर्यप्रकाशावर चालायला लागल्या होत्या आणि जाळ्यात किती मासे आलेत हे होडीवरचा पडदा सांगायचा. पण वाऱ्याला कोणी वेसण घातली नव्हती. हिवाळ्यातल्या एका दुपारी अचानक वारा उठला, होडी कलंडली आणि बाबांचा पाय जाळ्यात अडकला. काठावरून लोक ओरडत राहिले. तेवढ्यात पार पलीकडच्या अंगाला असलेला घुमोबा पाणी कापत आला, त्याने जाळं फाडलं आणि बाबांना उचलून काठावर आणून ठेवलं.

घुमोबा हा पाणपाहुणा. सगळीकडे पाणीच पाणी असलेल्या एका दूरच्या ग्रहावरून दहा जण पृथ्वीवर आले होते आणि जगभरातल्या दहा मोठ्या जलाशयांत राहून पृथ्वीची माहिती गोळा करत होते. उजनीच्या वाट्याला घुमोबा आला. वासराएवढा, तुळतुळीत राखाडी अंगाचा, चार मऊ हातांचा, आणि कवठाएवढ्या दोन डोळ्यांचा. त्याचं खरं नाव म्हणजे पाण्यात घुमणारे तीन आवाज. ते कोणालाच काढता येईनात, म्हणून गावाने त्याला घुमोबा केलं. त्याच्या गळ्यात एक दुभाषा (एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगणारं यंत्र) असायचा. त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती, पण तो कोणाशी फार बोलायचा नाही. काठावरून हात केला तर लक्ष द्यायचा नाही, डोकं पाण्याबाहेर असलं की समोरून आलेल्या होडीलाही धडकायचा. काही जण म्हणत, पाहुणा जरा शिष्टच आहे.

दुसऱ्या दिवशी घरचे सगळे आभार मानायला काठावर गेले. आईने शेवाळाच्या ताज्या जुड्या नेल्या, कारण घुमोबाला तेच आवडायचं. तो पाण्याबाहेर आला. बाबा चार पावलांवर हात जोडून उभे होते. घुमोबाने इकडेतिकडे मान वळवली, मग बाबांच्या शेजारच्या खुंटाकडे वळून आपले चारही हात जोडले आणि म्हणाला, "तुम्ही बरे आहात, याचा मला आनंद आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आईचा चेहरा उतरला. बाबा मात्र दोन पावलं सरकून खुंटापुढे जाऊन उभे राहिले, म्हणजे नमस्कार त्यांना पोचावा.

मंजुळा विचार करत राहिली. जो पाण्याखालून इतक्या लांबचा बुडणारा माणूस पाहतो, त्याला चार पावलांवरचा माणूस आणि खुंट यातला फरक का कळू नये?

संध्याकाळ व्हायच्या आधी ती एकटीच पुन्हा काठावर गेली आणि तिने घुमोबाला हाक मारली. आवाजाच्या रोखाने तो आला, आणि तिचा चेहरा पाहायला इतका जवळ आला की त्याच्या दोन्ही डोळ्यांत तिला आपलीच दोन चित्रं दिसली. तिने सरळ विचारून टाकलं, की तुम्ही खुंटाला नमस्कार का केलात.

घुमोबाला वाईट वाटलं असावं. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मंजुळा चकित झाली. त्याचं म्हणणं असं, की पृथ्वीवरच्या हवेत सगळीकडे दाट धुकं आहे. पाण्यात सगळं कसं लख्ख असतं. पण पाण्याबाहेर डोकं काढलं की एका तळहातापलीकडचं सगळं विरघळून जातं. हिरवे डाग, तपकिरी डाग, वर एक निळा डाग. बाकीच्या नऊ जलाशयांतल्या त्याच्या सोबत्यांचाही हाच अनुभव होता.

"आम्ही आमच्या जगाला कळवणार आहोत," तो म्हणाला, "की पृथ्वीवरची माणसं फार प्रेमळ आहेत, पण बिचारी जन्मभर धुक्यात राहतात. पाण्याबाहेर पाहण्यासारखं काही नाही. पुन्हा यायचं कारण नाही."

त्याच्या आवाजात शिष्टपणा नव्हता. कीव होती. महिन्याभरात त्यांचं यान परत निघणार होतं.

हे बोलणं मंजुळाच्या ओळखीचं होतं. सात वर्षांची होईपर्यंत तीही असंच समजत होती. झाड म्हणजे खाली एक खांब आणि वर हिरवा गोळा. लोक झाडाची पानं काढतात ती चित्रापुरती, असं तिला वाटायचं. मग एकदा सिंधूआत्याने तिचे डोळे तपासले, नाकावर चष्मा ठेवला आणि तिला दारात नेऊन उभं केलं. समोरच्या चिंचेचं पान न् पान वेगळं दिसत होतं, वाऱ्याने हलत होतं. मंजुळा तेव्हा रडली होती आणि का रडते ते तिला सांगता आलं नव्हतं.

तिने आपला चष्मा काढला आणि घुमोबाच्या एका डोळ्यापुढे धरला. "यातून बघा बरं."

घुमोबाने पाहिलं. आपला एक हात डोळ्यासमोर धरून तो हळूहळू लांब नेला. मग गळ्यातून एक बारीक घुमारा काढून म्हणाला, "धुकं थोडंसं मागे सरकलं."

बस्स, मंजुळाला एवढंच हवं होतं. ती धावतच घरी गेली आणि तिने सिंधूआत्याला निरोप पाठवला.

सिंधूआत्या ही बाबांची धाकटी बहीण. डोळे तपासून चष्मे देणं हे तिचं काम. जलाशयाकाठच्या गावांसाठी तिने एका होडीचाच दवाखाना केला होता, होडीचं नाव 'डोळस'. आत्याला त्या आठवड्यात पलीकडच्या काठाला जायचं होतं. पण दादाचा जीव ज्याने वाचवला त्याचे डोळे तपासायचे म्हटल्यावर तिने होडी वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेंभेवाडीला लागली. खरं तर आत्याला धास्ती वाटत होती. माणसांचे हजारो डोळे तिने तपासले होते, पण परग्रहावरचा डोळा कोण तपासणार?

तिने आधी काहीच तपासलं नाही. घुमोबाला काठाशी, अर्धा पाण्यात, आरामात बसवलं. हवेत अंग सुकलं की त्याला त्रास व्हायचा, म्हणून आई कळशीने त्याच्या पाठीवर पाणी घालत राहिली. मग आत्याने मंजुळाला आणि घुमोबाला, दोघांनाही शेजारी शेजारी बसवून मुळापासून समजावायला सुरुवात केली.

ती म्हणाली, प्रकाशाचा किरण एकाच पदार्थातून जात असेल तर सरळ जातो. पण हवेतून पाण्यात किंवा काचेत तिरका शिरला, की वाकतो. याला अपवर्तन (प्रकाशकिरणाची दिशा बदलणं) म्हणतात. का वाकतो? कारण हवेपेक्षा पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. मंजुळाला हे पटेना. तेव्हा आत्याने बाबांची मासळीची हातगाडी दाखवली. डांबरी रस्त्यावरून ती काठाच्या चिखलात तिरकी घातली, तर एक चाक आधी चिखलात जातं आणि मंदावतं. दुसरं अजून रस्त्यावरच असल्याने वेगात असतं. मग गाडी आपोआप वळते. मंजुळाने ही गाडी कितीदा ढकलली होती, आणि दर वेळी ती चिखलाच्या बाजूला कशी ओढ घेते हे तिच्या हातांना ठाऊक होतं.

"आणि गाडी चिखलात सरळ घातली तर?" आत्याने विचारलं.

मंजुळा म्हणाली, की दोन्ही चाकं एकदमच मंदावतील. मग वळायचं कारणच नाही.

"हे लक्षात ठेव," आत्या म्हणाली आणि तिने आपली पेटी उघडली. मखमलीच्या खाचांत ओळीने गोल भिंगं बसवलेली होती. तिने एक भिंग काढलं. मध्ये जाड, कडेला पातळ. हे बहिर्वक्र भिंग (दोन्हीकडून फुगलेलं). उन्हात धरल्यावर भिंगाखाली वीतभरापेक्षा कमी अंतरावर, कागदावर, एक लखलखता ठिपका पडला. फुगीर पृष्ठभागावर कडेचे किरण तिरके शिरतात, म्हणून जास्त वाकतात. मधला किरण सरळ शिरतो, म्हणून वाकत नाही. त्यामुळे सगळे किरण एका बिंदूत भेटतात.

मग आत्याने काचेची एक टाकी पाण्याने भरली आणि तेच भिंग, तेवढ्याच अंतरावर, पाण्यात बुडवून धरलं. ठिपका गायब झाला. कागदावर रुपयाएवढी फिकट चकती तेवढी राहिली.

"भिंग बिघडलं का?" मंजुळाने विचारलं.

आत्याने भिंग पाण्याबाहेर काढलं. ठिपका पुन्हा हजर. मग तिने उलगडून सांगितलं. किरण किती वाकेल हे नुसत्या भिंगावर ठरत नाही. भिंग आणि त्याच्या भोवतीचा पदार्थ यांच्यात किती फरक आहे, त्यावर ठरतं. हवेत आणि काचेत फरक मोठा, म्हणून किरण चांगलाच वाकतो. पाण्यात आणि काचेत फरक थोडा. प्रकाशाला पाण्यातून काचेत जाताना फारसं काही बदलल्यासारखं वाटतच नाही. त्यामुळे पाण्यात याच भिंगाचे किरण जवळजवळ चौपट लांब जाऊन भेटतात.

आता डोळ्याकडे यायचं होतं. आत्याने ओल्या वाळूत काडीने एक मोठा गोल काढला. पुढच्या बाजूला पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक, फुगीर पडदा). त्याच्या मागे डोळ्यातलं भिंग. अगदी मागे दृष्टिपटल (ज्याच्यावर चित्र उमटतं तो पडदा). लांबून आलेले किरण वाकत वाकत बरोबर या दृष्टिपटलावर भेटले, तर चित्र स्पष्ट. अलीकडे किंवा पलीकडे भेटले, तर धूसर.

माणसाच्या डोळ्यात किरण वाकवण्याचं जास्तीत जास्त काम पारपटलच करतं, कारण त्याच्यापुढे हवा असते. माणसाने पाण्यात डोळे उघडले की पारपटलापुढे पाणी येतं, फरक संपतो, आणि पारपटलाचं काम जवळजवळ बंद पडतं. म्हणून पाण्याखाली माणसाला सगळं पुसट दिसतं. मंजुळाने मान डोलावली. पोहताना तिने ते अनुभवलं होतं.

एवढ्यात घुमोबाच मध्ये बोलला. तो इतका वेळ वाळूतल्या चित्रावर डोळा जवळजवळ टेकवून बसला होता.

"आमच्याकडे डोळ्यापुढे कायम पाणीच असतं," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे आमच्या डोळ्यातलं पुढचं पटल काहीच काम करत नसणार. सगळं काम आतलं भिंगच करत असणार."

"बरोबर," आत्या म्हणाली. "आणि तुम्ही हवेत आलात की?"

घुमोबाच्या आधी मंजुळाच बोलली. हवेत आलं की पुढे हवा, मागे डोळा, म्हणजे फरक मोठा. कधीच काम न करणारं पुढचं पटलसुद्धा किरण वाकवायला लागणार. आतल्या भिंगाचं काम चालूच आहे. म्हणजे किरण गरजेपेक्षा जास्त वाकणार आणि दृष्टिपटलाच्या अलीकडेच भेटणार. आणि हे तर तिच्यासारखंच झालं. तिच्या डोळ्याचा गोल किंचित लांबट होता, म्हणून तिचे किरणही पडद्याच्या अलीकडेच भेटायचे. जवळचं नीट, लांबचं धूसर. याला निकटदृष्टिता म्हणतात, हे तिला आत्याने पूर्वीच सांगितलं होतं. कारणं वेगळी, पण दोघांचं दुखणं एकच.

औषधही मग एकच. किरण जास्त वाकून लवकर भेटत असतील, तर डोळ्यात शिरण्याआधीच त्यांना थोडं फाकवायचं. त्यासाठी अंतर्वक्र भिंग (मध्ये पातळ, कडेला जाड). त्याचा नंबर उणे असतो. आता प्रश्न एवढाच होता, की उणे किती?

नेत्रतपासणीचं यंत्र घुमोबाच्या डोक्याला बसण्यासारखं नव्हतं. अक्षरांचा तक्ताही कामाचा नव्हता, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. आत्याने काठावर पडलेलं बगळ्याचं पीस उचललं, घुमोबाच्या डोळ्याजवळ धरलं आणि त्यातले बारीक केस वेगवेगळे दिसतात का ते विचारलं. दिसत होते. मग ती पीस हळूहळू लांब नेऊ लागली. ज्या ठिकाणी ते पुसट व्हायला लागलं तिथे घुमोबाने हात वर केला. मंजुळाने पट्टीने अंतर मोजलं. दहा सेंटिमीटर. दोनदा मोजलं, दुसऱ्या डोळ्याचंही मोजलं, तेवढंच भरलं.

यापुढचं गणित आत्याने तिच्यावरच सोपवलं. भिंगाची शक्ती मोजायच्या मापाला डायऑप्टर म्हणतात, आणि चष्म्याचा नंबर म्हणजे तेच माप. निकटदृष्टी माणसाला जास्तीत जास्त जेवढ्या अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं, तेवढ्या लांबीचे तुकडे एका मीटरमध्ये किती मावतात ते पाहायचं. मंजुळाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंत नीट दिसायचं. एका मीटरमध्ये अर्ध्या मीटरचे तुकडे दोन, म्हणून तिचा नंबर उणे दोन. आपल्या नंबरचा अर्थ तिला आज पहिल्यांदा कळला. आणि घुमोबाला दहा सेंटिमीटरपर्यंत दिसतं. एका मीटरमध्ये असे तुकडे दहा.

"उणे दहा," ती म्हणाली. काल आपल्या चष्म्याने धुकं थोडंसंच का सरकलं, तेही तिला कळलं. दहाची गरज असताना दोनच मिळाले होते.

पेटीत उणे दहाची दोन भिंगं होती. पण चौकट? माणसाची चौकट घुमोबाला पुरेना. तेव्हा आतापर्यंत मागे उभे असलेले बाबा पुढे आले. त्यांनी जाळं विणायचा दोरा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली, घुमोबाच्या डोक्याचा घेर हाताने मापला आणि बांधावर बसून एक पट्टा विणला. दोन्ही भिंगं दोऱ्याच्या जाळीत अशी पक्की बसवली की हलणार नाहीत. कवठाएवढ्या डोळ्यांपुढे ती भिंगं लहानशा खिडक्यांसारखी दिसत होती. बाबांनी स्वतःच्या हाताने तो पट्टा घुमोबाच्या डोक्यावर चढवला आणि मागे सरकत गेले. चार पावलं, आठ पावलं, वीस पावलं.

घुमोबाने मान वर केली.

त्याचे चारही हात हवेत तसेच राहिले. मग तो पाण्याबाहेर आला आणि, कुठेही न चाचपडता, सरळ चालत बाबांपाशी गेला. "कपाळावर खोक पडली आहे," तो म्हणाला. "होडी लागली असेल. दुखतं का?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

मग घुमोबाने जे पाहायला सुरुवात केली, ते संपेचना. बाभळीचे काटे पाहिले. आईच्या लुगड्याची किनार पाहिली. मंजुळाच्या चष्म्याच्या काड्या पाहिल्या, आणि त्यावरचा बारीकसा ओरखडा कशाचा, हेही विचारलं. पलीकडच्या उथळ पाण्यातून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा उठला, तेव्हा पंखांखालचा लाल रंग पाहून तो इतका हरखला की अंग सुकतंय याचंही त्याला भान राहिलं नाही. आई कळशी घेऊन त्याच्यामागून चालत राहिली. पाणी घालता घालता तीच त्याला एकेक गोष्ट दाखवायला लागली. ती कोणाची विहीर, ती शाळा, तो डोंगर. दिवस मावळला, पश्चिमेला पहिली चांदणी दिसू लागली. घुमोबाने विचारलं, तो कशाचा दिवा आहे. आत्याने सांगितलं, तो शुक्र आहे, आमच्या शेजारचा ग्रह. तुम्ही आलात ती वाट त्याच्याही खूप पलीकडे जाते.

घुमोबा बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "धुकं तुमच्या हवेत नव्हतं. माझ्या डोळ्यात होतं. आणि मी तुमची कीव करत होतो."

मंजुळाने त्याला सांगितलं, की यात लाजण्यासारखं काही नाही. जो धूसर पाहतो त्याला जग धूसर आहे असंच वाटतं; दुसऱ्याने भिंग धरेपर्यंत कळतच नाही. तिच्यासाठीही कोणीतरी धरलंच होतं. एवढं बोलून तिने आत्याकडे पाहिलं. आत्या पेटी आवरण्यात गुंतल्यासारखी दिसत होती, पण तिने पदराने डोळे टिपले ते मंजुळाला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गप्पा मारताना घुमोबाला एक जुनी गोष्ट आठवली. एकदा वारा अगदी पडलेला असताना, पाण्याखालूनच त्याने सहज वर पाहिलं होतं, आणि पाण्याबाहेर, फांदीवर बसलेला एक खंड्या त्याला लख्ख दिसला होता. निळा पंख, लांब चोच, सगळं. क्षणात वारा सुटला, लाटा उठल्या आणि चित्र मोडलं. तेव्हा त्याला तो भास वाटला होता.

मंजुळा सावरून बसली. वारा नव्हता, म्हणजे पाणी सपाट होतं. हातगाडी सरळ चिखलात घातली तर वळत नाही. आणि तिरकी घातली, तरी पृष्ठभाग सपाट असेल तर लांबून आलेले सगळे किरण सारखेच वळणार, एकमेकांकडे झुकणार नाहीत. भेटवायचं काम पुन्हा डोळ्यातल्या भिंगाकडेच राहणार. फुगीर पृष्ठभाग हवेशी भिडला की घोटाळा. सपाट भिडला तर नाही. तिला बाबांचा बुड्या मारायचा चष्मा आठवला. त्याची काच सपाट असते आणि आत हवा. आपण पाण्यात जाताना डोळ्यापुढे आपली थोडी हवा घेऊन जातो.

"मग यांनी हवेत येताना डोळ्यापुढे आपलं थोडं पाणी घेऊन यावं," ती म्हणाली. "पुढे सपाट काच, आत पाणी. नंबरच लागणार नाही. कोणालाच."

आत्याने लगेच बाबांना हाक मारली आणि सपाट काच कुठे मिळेल ते विचारलं.

दुपारपर्यंत पाण्याने भरलेला तो चष्मा तयार झाला. ट्यूबच्या रबराची कड, पुढे रुंद सपाट काच. पहिल्यांदा तो गळला, दुसऱ्यांदा आत बुडबुडे राहिले. तिसऱ्यांदा घुमोबाने तो घातला आणि सांगितलं, की आता लहान खिडकी नाही, सगळं आभाळ दिसतं आहे. त्याच संध्याकाळी बाकीच्या नऊ जलाशयांतल्या सोबत्यांना त्याने ही युक्ती कळवली. कोणी कसला चष्मा केला ते नंतर बातम्यांत दिसत राहिलं. एका थंड देशातल्या पाणपाहुण्याने तर आपल्या तळ्याकाठच्या शाळेत जाऊन मुलांनी काढलेली चित्रं पाहिली होती.

निघायचा दिवस आला तेव्हा बाकीच्या नऊ जणांना घेऊन यान उजनीवरच उतरलं. साऱ्या पंचक्रोशीतली माणसं काठावर जमली. घुमोबाने आपला पहिला चष्मा, बाबांनी विणलेला, आत्याला परत द्यायला काढला, कारण त्यातली भिंगं तिच्या पेटीतली होती. आत्याने तो घेतला नाही. तिने सांगितलं, की पेटीतल्या त्या दोन खाचा रिकाम्या दिसल्या की तिला बरंच वाटेल.

घुमोबाने मग मंजुळाला यान जवळून दाखवलं. ते आतून पाण्याने भरलेलं होतं आणि त्याला एकही खिडकी नव्हती. त्यांचं जग जाड बर्फाच्या छताखाली असल्याने बाहेर पाहण्याची गरजच कोणाला कधी पडली नव्हती. इतका लांबचा प्रवास त्यांनी नुसत्या यंत्रांच्या भरवशावर, काहीही न पाहता केला होता. पण आता यानाच्या पुढच्या बाजूला त्यांनी पोलाद कापून एक जाड, मोठी, अगदी सपाट काच बसवली होती. काठावरच्या चिखलात उभं राहून मंजुळाने तिच्यावरून हात फिरवला. काच अजून नवी होती, कडेला जोडाचे ताजे ठसे होते.

"परत जाताना आम्ही पाहत जाऊ," घुमोबा म्हणाला. "आणि घरी पोचलो की बर्फाच्या छतालाही अशीच एक खिडकी पाडू. तिथे जन्मलेल्या कोणीही अजून आपलं आभाळ पाहिलेलं नाही."

यान पाणी निथळत वर उठलं. मंजुळा, तिचे आईबाबा आणि आत्या एकमेकांना चिकटून उभे होते. यान फार उंच जाण्याआधी त्या काचेमागे दहा पाणपाहुणे दाटीवाटीने उभे राहिलेले दिसले. प्रत्येकाला बाहेर पाहायचं होतं, म्हणून ते मुलांसारखे एकमेकांना ढकलत होते.